आधी कचऱ्याचा डबा उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत प्लास्टिकमुक्त घराबद्दल जो लेख आला तो मी दोनदा वाचला, विषय माझ्या जिव्हाळ्याचा म्हणून. लिहिणाऱ्याची तळमळ दिसते, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण सोबत पानभर जी यादी होती ना, बांबूचा ब्रश घ्या, स्टीलची स्ट्रॉ घ्या, काचेच्या एकसारख्या बरण्या घ्या, कापडी पिशव्यांचा सेट घ्या, ती वाचून माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला की वहिनी, मी घरातले सगळे प्लास्टिकचे डबे काढून टाकले, नवीन स्टीलचे मागवलेत. तेव्हाच ठरवलं की आता पत्र लिहायचंच. तिने काढलेले डबे मी बघितलेत, चांगले होते, झाकणं घट्ट बसत होती, अजून दहा वर्षं सहज चालले असते. आणि नवीन आले ते कसे, तर मोठ्या खोक्यात, बबल रॅपमध्ये गुंडाळलेले, प्रत्येक डबा परत वेगळ्या पातळ पिशवीत घातलेला.

प्लास्टिकमुक्त राहायचं म्हणजे आधी खरेदीला जायचं असा एक समज सगळीकडे झालाय आणि तो मला मनापासून चुकीचा वाटतो. जो डबा आज घरात आहे त्याच्यासाठी लागलेलं खनिज तेल, वीज, पाणी कधीच खर्च झालंय, तो फेकून त्यातलं काही परत मिळत नाही, फक्त दहा वर्षांनी होणारा कचरा आजच होतो. त्यात गरम पदार्थ ठेवू नका, आतून चरे पडले असतील तर खायच्या वस्तूंना वापरू नका, स्क्रू ठेवा, शिवणाचं सामान ठेवा, पण वापरा की. शून्य कचऱ्याची सुरुवात दुकानात होत नाही, आपल्याच घरातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी होते, हे मला पटलंय ते स्वतः करून बघितल्यावर, म्हणून सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी एक आठवडा घरातला कचरा बाहेर टाकलाच नाही. गॅलरीत झाकण लावून ठेवला आणि रविवारी सकाळी तुमचाच जुना पेपर पसरून, हातमोजे घालून, सगळा ओतला. तेव्हा आम्ही ओला सुका असं काही करत नव्हतो, सगळं एकाच डब्यात. वास असा होता की डोळ्यांतून पाणी आलं. सालींचा लगदा झालेला, त्यात औषधाची पट्टी रुतलेली, बिस्किटाच्या पुड्याचं रॅपर बाहेरून माखलेलं आणि आतून अजून चकचकीत चंदेरी, दुधाच्या पिशवीचे कापलेले त्रिकोणी कोपरे, एका डब्याचं झाकण, पण डबा कुठेच नाही. मी एकेक तुकडा बाजूला काढून मोजला. वजनाने बघितलं तर अर्ध्याहून जास्त ओला कचरा होता. आणि प्लास्टिकचे किंवा प्लास्टिक लावलेले तुकडे निघाले १४७. चार माणसांच्या घरात, सात दिवसांत. त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्या लेखातून कळलं नसतं, कारण प्रत्येकाच्या डब्यात काहीतरी वेगळंच निघतं, कुणाकडे पाण्याच्या बाटल्या, कुणाकडे ऑनलाइन मागवलेल्या सामानाची वेष्टनं, कुणाकडे लहान मुलांचे डायपर. आमच्याकडे सगळ्यात जास्त होत्या छोट्या पुड्या. शाम्पूच्या, सॉसच्या, कॉफीच्या, खाऊच्या. स्ट्रॉ एकही नव्हती! म्हणजे मी स्टीलची स्ट्रॉ आणली असती तर माझ्या कचऱ्यातला एकसुद्धा तुकडा कमी झाला नसता.

आधी ओल्या कचऱ्याबद्दल बोलते, कारण प्लास्टिकच्या चर्चेत तो नेहमी मागे राहतो आणि माझ्या मते खरी किल्ली तिथेच आहे. मलाही वाटायचं साली, देठ, उरलंसुरलं अन्न हे तर निसर्गाचंच आहे, कुठेही टाकलं तरी कुजून जाईल. पण कचऱ्याच्या डोंगराखाली हवा पोचत नाही, आणि हवा नसली की हेच अन्न वेगळ्या तऱ्हेने सडतं, त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो. वर त्या सडक्या पाण्यात बरबटलेलं प्लास्टिक कुणीच घेत नाही, जे विकलं गेलं असतं तेही वाया जातं. आपण एक डबा वाचवायला म्हणून दोन्ही कचरा एकत्र करतो आणि दोन्ही खराब करतो.

म्हणून मी घरीच खत करायचं ठरवलं. रंगाची जुनी बादली घेतली, बाजूने भोकं पाडली आणि रोजच्या साली टाकायला लागले. महिन्याभरात त्याचं डबकं झालं. खाली काळं पाणी साचलं, वर जाड जाड अळ्या वळवळायला लागल्या, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा दार वाजवून सांगितलं की वास आमच्यापर्यंत येतो, आणि घरात सगळेच म्हणायला लागले बंद कर हे. मी बादली उचलून टाकणारच होते. आमच्या सोसायटीच्या झाडांना पाणी घालायला एक वयस्कर माळीकाका येतात, त्यांनी बादलीत नुसतं डोकावून बघितलं आणि म्हणाले, ताई, तुम्ही याला नुसतं ओलंच घालताय, सुकं कुठंय? बस्स, एवढंच. झाडाखालची वाळलेली पानं त्यांनीच ओंजळ ओंजळ आणून टाकली, काठीने खालवर केलं आणि सांगितलं की एक मूठ ओलं तर दोन-तीन मुठी सुकं, हे विसरायचं नाही.

त्याच्यामागचं कारण मी नंतर वाचलं. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३० ला १ अशा प्रमाणात मिळाले की त्यांचं काम नीट चालतं, सालींमध्ये नायट्रोजन आणि पाणी भरपूर, कार्बन कमी, तो पानांतून, पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून, लाकडाच्या भुशातून मिळतो, शिवाय सुक्या पानांमुळे मधे मधे हवा राहते. दहाएक दिवसांत वास गेला. त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या होत्या, त्या काही त्रास देत नाहीत, उलट अन्न भराभर संपवतात, हेही तेव्हाच कळलं. ओलावा बरोबर आहे का ते बघायला मी अजूनही मूठभर घेऊन दाबते, एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर पानं वाढवायची.

साडेतीन-चार महिन्यांनी पहिलं खत चाळलं, काळं, भुसभुशीत, वास मातीचा. आणि चाळणीत वर काय राहिलं सांगू? फळांवरचे ते छोटे गोल स्टिकर. सालींबरोबर गेलेले. साली गेल्या, बिया गेल्या, पुठ्ठा गेला, आणि ते स्टिकर जसेच्या तसे, वरचा छापील नंबर वाचता येईल इतके ताजे. चहाच्या टी-बॅगची जाळीसुद्धा तशीच, आत चहा नाही, नुसता पिशवीचा सांगाडा, कारण कितीतरी टी-बॅगांच्या कागदात प्लास्टिकचे धागे असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते स्टिकर मी एका काचेच्या बाटलीत ठेवलेत. कुणी घरी आलं आणि विचारलं की प्लास्टिक कुजत नाही म्हणजे नक्की काय, तर ती बाटली हातात देते.

ओलं बाजूला झाल्यावर जो फायदा झाला तो मी धरलाच नव्हता. सुका डबा कोरडा राहायला लागला, वास नाही, चिलटं नाहीत, त्यामुळे रोज रिकामा करायची गरज नाही आणि त्यात पिशवी घालायची तर अजिबातच नाही. कचऱ्यासाठी म्हणून विकत आणलेल्या काळ्या पिशव्या आमच्या घरात बंद झाल्या त्या कुठल्या पर्यायी पिशव्या आणून नाही, पिशवीची गरजच संपली म्हणून. आणि कोरडं, स्वच्छ प्लास्टिक ज्यांच्या हातात जातं ती माणसं आहेत हो. कचरा हाताने वेगळा करणारी माणसं जगभर आहेत, त्यांच्या बोटांना आपलं ब्लेड लागतं, फुटलेली काच लागते. ब्लेड, काच वेगळ्या कागदात गुंडाळून वर ठळक लिहून द्यायला आपल्याला अर्धा मिनिट लागतो.

आता रिसायकलिंग. इथे मी स्वतः किती दिवस चुकीचं धरून चालले होते ते सांगायला हवं. प्लास्टिकच्या वस्तूखाली बाणांचा त्रिकोण असतो आणि आत १ ते ७ मधला आकडा, तो बघून मला वाटायचं की म्हणजे याचं परत काहीतरी होणार. तसं काही नाही. ही आकड्यांची पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणली, ती फक्त प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे ते सांगते. १ आणि २ म्हणजे पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या जाड बाटल्या, यांना बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक असतं, काही ठिकाणी ५ लाही असतं, बाकीच्यांचं अवघडच. आणि ७ म्हणजे तर इतर, कशातच न बसणारं. पुड्यांचं तर विचारूच नका, त्यात प्लास्टिकचा एक थर, ॲल्युमिनियमचा एक, परत प्लास्टिकचा, सगळे एकमेकांना असे चिकटवलेले की वेगळे करणं कुणाला परवडत नाही. मी जवळजवळ दीड वर्ष अशा पुड्या कापून, धुवून, वाळवून एका गोणीत भरत होते. गोणी भरल्यावर भंगारवाल्या दादांना दिली, त्यांनी हात घालून एक मूठ काढली, चोळून बघितली आणि परत आत टाकली. म्हणाले, हे कुणी घेत नाही ताई, तुम्ही कशाला धुताय? माझं दीड वर्षाचं पाणी गेलं, आणि मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण तेव्हापासून पुडी घेतानाच हात थांबतो.

२०१७ साली रोलंड गेयर, जेना जॅमबेक आणि कारा लॅव्हेंडर लॉ या तिघा शास्त्रज्ञांनी जगातल्या प्लास्टिकचा सगळा हिशोब मांडला होता. २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं, त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं, आणि त्या कचऱ्यातलं रिसायकल झालं फक्त ९ टक्के. १२ टक्के जाळलं गेलं, उरलेलं ७९ टक्के जमिनीत, नदीत, समुद्रात, कुठे ना कुठे पडून आहे. मी रिसायकलच्या डब्यात टाकते म्हणजे माझं काम झालं ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

जपानमध्ये कामिकात्सु नावाचं एक छोटं गाव आहे, दीडएक हजार वस्ती, त्यांनी २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली आणि पुढे तिथले लोक ४५ प्रकारांपर्यंत कचरा वेगळा करायला लागले. पंचेचाळीस! धुवून, वाळवून, स्वतः केंद्रावर नेऊन. २०२० पर्यंत सगळाच्या सगळा कचरा मार्गी लावायचा असं त्यांनी ठरवलं होतं, ते पोचले ८० टक्क्यांच्या आसपास. मला याचं खूप कौतुक वाटतं, आणि त्या उरलेल्या २० टक्क्यांबद्दल रागही येतो, गावकऱ्यांचा नाही, ज्यांनी त्या वस्तू तशा बनवल्या त्यांचा. एवढी मेहनत करणाऱ्या लोकांनासुद्धा जे वेगळं करता येत नाही ते बनवणाऱ्यानेच तसं बनवलंय ना. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीत सगळ्या देशांनी मिळून प्लास्टिकवर जागतिक करार करायचं ठरवलं, २०२४ च्या शेवटी दक्षिण कोरियातल्या बुसानला बैठक झाली, करार नाही, २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला झाली, तिथेही नाही, अडलं कुठे तर मुख्य म्हणजे उत्पादनच कमी करायचं की नुसता कचरा आवरायचा इथे. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसायचं का, हाच तो वाद.

मग घरात आम्ही कशाला एवढं करायचं, असं मला माझा भाऊ दर वेळी विचारतो. त्याला मी सांगते, माझ्या घरातून रोज जे बाहेर जातं ते कुणाच्या तरी अंगणाशेजारी जाऊन पडतं, कुणीतरी ते जाळतं आणि त्याचा धूर कुणाच्या तरी मुलाच्या छातीत जातो, पीव्हीसी जाळलं तर त्यातून डायऑक्सिनसारखी विषं निघतात. करार होईल तेव्हा होईल. माझा डबा आज माझ्या हातात आहे.

पर्याय म्हणून जे विकलं जातं त्याबद्दलही जरा डोळे उघडे ठेवा असं मला वाचकांना सांगायचंय. कागदी कप निव्वळ कागदाचा नसतो, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर गरम पेय गळलंच असतं. बांबूच्या ब्रशची दांडी बांबूची पण केस बहुतेक नायलॉनचेच, ते उपटून काढल्याशिवाय ब्रश खतात टाकता येत नाही. कंपोस्टेबल लिहिलेले चमचे, पेले पुष्कळदा पीएलएचे, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लास्टिकचे असतात, ते कुजायला साधारण ६० अंश तापमान बरेच दिवस टिकावं लागतं, ते मोठ्या प्रकल्पात मिळतं, माझ्या बादलीत नाही, मी एक चमचा टाकून बघितला, सात महिन्यांनी धुवून परत वापरता आला असता. ऑक्सो-डिग्रेडेबल, म्हणजे हवेत आपोआप नाहीशा होतात असं सांगून ज्या पिशव्या यायच्या त्या तर नुसत्या बारीक तुकडे होऊन पसरतात, युरोपियन युनियनने २०२१ पासून त्यांच्यावर बंदीच घातली.

आणि कापडी पिशवी. हे वाचून काही जणांना राग येईल, पण डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये जो अभ्यास केला त्यात साध्या सुती पिशवीची बरोबरी प्लास्टिकच्या पिशवीशी करायची तर फक्त हवामानाच्या बाबतीत ती किमान ५२ वेळा वापरली पाहिजे असं निघालं, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळेच परिणाम धरले तर आकडा ७१०० वर जातो. कापसाला पाणी लागतं, खत लागतं. त्या अभ्यासात प्लास्टिक समुद्रात जाऊन काय करतं हे धरलेलं नव्हतं, म्हणून मी काही प्लास्टिकची पिशवी घ्या म्हणत नाहीये. पण प्रत्येक कार्यक्रमात फुकट मिळालेल्या पंधरा नव्याकोऱ्या कापडी पिशव्या कपाटात पडून असतील तर ती बचत नाही. माझ्याकडे दोन आहेत, जुन्या पडद्याच्या शिवलेल्या, बंद तीनदा बदलले.

खरं म्हणजे आजची ती कानांची प्लास्टिक पिशवी ज्यांनी बनवली ते स्वीडनचे स्टेन गुस्ताफ थुलिन, १९६५ मध्ये तिचं पेटंट झालं, त्यांच्या मुलाने सांगितलंय की वडील स्वतः खिशात एक पिशवी घडी करून ठेवायचे आणि परत परत वापरायचे, कागदी पिशव्यांसाठी झाडं कापली जातात म्हणून ही टिकाऊ पिशवी काढली होती. एकदाच वापरून फेकायची सवय पिशवीत नव्हती, ती आपण लावून घेतली. हे वाचल्यापासून घरात आधीच असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही मी धुवून दोरीवर वाळत घालते आणि फाटेपर्यंत वापरते.

रोजच्या जगण्यात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट एकच, नको म्हणणं, आणि ते वेळेत म्हणणं. दुकानदाराचा हात आपल्या तोंडापेक्षा भरभर चालतो. वस्तू काट्यावर असतानाच त्याने पिशवी फुंकर मारून उघडलेली असते, मग नको म्हटलं तर तो ती चुरगाळून बाजूला टाकतो, म्हणजे गेलीच ती. म्हणून मी आता दुकानात शिरतानाच स्वतःची पिशवी उघडून हातात धरते, बोलायच्या आधी ती दिसली पाहिजे. सुरुवातीला कसंतरी व्हायचं, मागे रांग, सगळे बघतायत, डबा दिला की तो आधी रिकामा तोलून घ्यायला सांगावं लागायचं, एकाने तर सरळ वेळ नाही म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे मात्र दोन महिन्यांनी दुकानातला मुलगाच म्हणाला, काकू, तुमच्या डब्याचं वजन लिहून ठेवलंय मी. त्याने फळीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली अजून दोन डब्यांची वजनं होती, माझी नव्हेत, दुसऱ्या कुणाची तरी. तो दिवस माझ्यासाठी फार मोठा होता.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, छापायला संकोच करू नका. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिकच जास्त असतं, आणि ते कागदात गुंडाळून गुपचूप टाकलेलं कुणालातरी हाताने वेगळं करावं लागतं. मी दोन वर्षांपूर्वी मासिक पाळीचा कप वापरायला लागले. नवीन काही नाही ते, अमेरिकेत लिओना चाल्मर्स नावाच्या बाईंनी १९३७ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. मला जमायला तीन पाळ्या गेल्या. ज्यांना नाही जमत त्यांनी कापडी वापरा, ज्यांना तेही शक्य नाही, पाण्याची सोय नाही, त्यांनी पॅड वापरा आणि मनाला अजिबात लावून घेऊ नका.

कपड्यांचंही असंच आहे, पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच, धुताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे धागे पाण्याबरोबर जातात. मशीन पूर्ण भरून, गार पाण्यात आणि गरज असेल तेव्हाच धुतलं तर ते कमी सुटतात, आणि आहेत ते कपडे शिवून सांधून जास्त वर्षं घालणं हे कुठलाही नवा ऑरगॅनिक सदरा घेण्यापेक्षा बरं.

एक चूक मात्र माझी झाली, ती लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. पहिल्या वर्षी मी घरातल्यांच्या मागे फार लागले. कुणी काही आणलं की आधी त्याचं वेष्टन बघायचे, मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या तर त्यांच्या हातातल्या बाटलीवरून त्यांनाही बोलले. मुलीने मैत्रिणींना घरी आणणंच बंद केलं. मला ते कळायला सहा महिने लागले. मग मी बोलणं थांबवलं आणि फक्त रविवारी मोजणं चालू ठेवलं, फ्रीजवर कागद लावून आकडा लिहायचे, बाकी काही नाही. एका रविवारी मी विसरले तर मुलीनेच मोजून लिहिला होता. आता ती रिफिल बदलता येणारंच पेन आणते, मी कधी सांगितलं नव्हतं.

आणि गेल्या वर्षी माझे सासरे आठ महिने अंथरुणाला खिळले. डायपर लागले, हातमोजे लागले, अंथरुणावर घालायच्या प्लास्टिकच्या शिटा लागल्या, पेला धरता येईना म्हणून वाकणारी स्ट्रॉसुद्धा लागली, प्लास्टिकची, कारण स्टीलची त्यांच्या हिरड्यांना लागायची. फ्रीजवरचा आकडा दोनशेच्या वर गेला. मी त्या महिन्यांत मोजत राहिले पण मला एकदाही अपराधी वाटलं नाही. आजारी माणसाच्या अंगाखाली कोरडं अंथरूण असणं यासाठी जर प्लास्टिक नसेल तर कशासाठी आहे? जिथे लागतंच तिथे लागतं. म्हणूनच तर मला पुड्यांचा, स्टिकरचा, बाटलीच्या बुचावरच्या त्या जास्तीच्या पातळ आवरणाचा राग येतो, ज्याच्यामुळे कुणाचंच काही अडत नाही.

आता तुमच्याकडे दोन मागण्या. पुढच्या वेळी अशी पुरवणी काढाल तेव्हा खरेदीची यादी छापू नका, त्याऐवजी आपला सुका कचरा गाडीतून गेल्यावर कुठे जातो, कुठल्या जातीचं प्लास्टिक कोण घेतं, काय कुणीच घेत नाही, याची माहिती द्या, सामान्य वाचकाला ती कुठेच एका जागी मिळत नाही आणि तुमच्याकडे बातमीदार आहेत, तुम्हाला ती काढता येईल. दुसरं, त्याच रविवारी लेखाच्या पुरवणीवर पहिल्या पानावर जाहिरात म्हणून शाम्पूची पुडी चिकटवलेली होती. तुमचा पेपर जितक्या घरांत जातो तितक्या पुड्या एका सकाळी वाटल्या गेल्या असतील, आणि त्यातली एकही रिसायकल होणार नाही. जाहिरात छापा, तुमचाही खर्च भागला पाहिजे हे मला समजतं, पण पुडी चिकटवणं बंद करा.

या आठवड्यात आमच्या घरचा आकडा ३१ आहे. त्यात ९ औषधांच्या पट्ट्या आहेत, ६ दुधाच्या पिशव्या, आणि ती तुमची पुडी धरली तर ३२ होतात. मी ती धरली नाही. न उघडता या पत्राच्या पाकिटात घातली आहे, ज्यांनी दिली त्यांना परत पोचवावी ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक